डाव्या कुशीवर

फोन ठेवा आता खाली. दोघंही. तासभर बघतोय मी, एकाला त्या वृद्धाश्रमाचा हॉल आवडतो, दुसरीला या जागेची बाग, आणि ज्याला तिथे राहायचंय तो माझा भाऊ आत झोपलाय, त्याला कोणी विचारलेलं नाही. तसं बघायला हरकत नाही रे. बापासाठी पोरं एवढी धावपळ करतात हे बघून मला बरंच वाटतं. पण फोटोवरून जागा ठरवायची म्हणजे फोटोवरून जावई ठरवण्यासारखं झालं. फोटोत घोरणं ऐकू येत नाही.

तो मोठा दिवा घालव जरा. जिन्यातला राहू दे. डोळ्यांवर येतो.

एक गोष्ट सांगतो. गोष्ट म्हणजे घडलेली, मी रुग्णवाहिका चालवत होतो तेव्हाची. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा मित्र, आपल्या चौकातला चष्मेवाला. हा माझ्या नाकावरचा चष्मा त्याच्याच हातचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. धंद्यात बोलत असेल, ‘ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याला शोभते’ वगैरे, पण दुकानाबाहेर नाही.

अर्धांगवायूच्या झटक्याने त्याच्या आईचं उजवं अंग गेलं होतं. बोलणंही गेलं. वर्षभर त्याने आणि बायकोने तिचं घरीच केलं. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं काम कोणतं, सांगा बघू? खाऊ घालणं नाही. अंघोळ नाही. कूस बदलणं. दर दोन तासांनी माणूस वळवावा लागतो. नाही वळवला तर ज्या अंगावर तो पडलाय तिथली कातडी मरते, जखम होते, आणि ती जखम आत आत हाडापर्यंत जाते. चष्मेवाल्याला हे एका नर्सने शिकवलं होतं. एक हात खांद्याला, एक खुब्याला, आणि वळवण्याआधी माणसाला सांगायचं. न सांगता वळवलं की ते घाबरतात. म्हणून तो दर वेळी म्हणायचा, ‘आई, वळवतो हं.’ मग वळवायचा, पाठीशी उशी लावायचा, की पुन्हा झोपायला मोकळा. पुढे पुढे गजरसुद्धा लागेना. आपोआप उठायचा, अर्धवट झोपेत सगळं करून परत आडवा व्हायचा. एकदा चुकून बायकोलाच वळवलं. ती म्हणाली, ‘मला आई नका म्हणू, बाकी काय वळवायचं ते वळवा.’

हसा, हसा. आत्ताच हसून घ्या.

मग आईला दुसरा झटका आला. तीन आठवडे इस्पितळात काढले. घशाला भोक पाडून नळी घातली, नाकातून खाण्याची नळी. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायचं नाव काढू नका, शिकलेला माणूस रात्रंदिवस जवळ पाहिजे. सोमवारी सकाळी सोडतो, तोवर जागा बघून ठेवा.

तर हे बहीण-भाऊ तुमच्यासारखेच शहरभर जागा बघत हिंडले. बहीण थोरली, शाळेत मुख्याध्यापिका. तिच्यापुढे चष्मेवाला बोलताना अजून उभा राहतो. बघता बघता दोनच जागा उरल्या. एक मोठ्या रस्त्यावरची, सगळी काचेची. तिला तो काचघर म्हणायचा. माशांची टाकी, पांढरेशुभ्र पडदे, बाई येऊन हातात हात घेते. दुसरी बेकरीच्या मागची जुनी इमारत. रंगाचे पोपडे निघालेले, जिना अरुंद. पण तिथे शिकलेल्या नर्सा चोवीस तास, आणि काचघरात नर्स फक्त दिवसा, रात्री नुसत्या सांभाळणाऱ्या बाया. आता नुसतं सांभाळणं वेगळं आणि शुश्रूषा वेगळी. चालत्याफिरत्या म्हाताऱ्याला सांभाळणारं माणूस पुरतं. पण मध्यरात्री घशातली नळी कफाने बंद झाली तर तिथे प्रेमळ बाई काय कामाची?

ताईला काचघर हवं होतं. ‘आईने जन्मभर अंधाऱ्या खोल्यांत काढलं, आता तरी तिला उजेड मिळू दे,’ असं म्हणाली ती. त्यातही खोटं काही नव्हतं. चष्मेवाला प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा, इथे कोणाच्या पाठीला जखम झालीय का? काचघराचा व्यवस्थापक म्हणाला, ‘आमच्याकडे रोज संध्याकाळी संगीत असतं.’

इस्पितळातल्या थोरल्या नर्सने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘दिवसा सगळी घरं धुतलेली असतात, भाऊ. रात्री जा. न सांगता जा. आणि डोळ्यांनी नको, नाकाने बघ.’

म्हणून तो रात्री निघाला. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारची रात्र. एक वाजून गेला होता. सकाळी आईला कुठेतरी न्यायचंच होतं.

आधी काचघर. पहारेकरी खुर्चीत गाढ. काचेचा एक फायदा असतो, आतलं दिसतं. लांब बोळात एका दारावर तांबडा दिवा पेटलेला. आतल्या माणसाने मदतीसाठी कळ दाबली की तो पेटतो. चष्मेवाला बाहेर थंडीत उभा राहून त्या दिव्याकडे बघत राहिला. कोणी येईल, आता येईल. माशांच्या टाकीत मासे फिरत होते. कोणी आलं नाही. शेवटी त्यानेच काचेवर थापा मारून पहारेकऱ्याला उठवलं, तेव्हा कुठे आतून एक बाई डोळे चोळत आली. त्याला त्या दिव्याखाली आपली आईच दिसायला लागली होती. काचघर त्याच्या मनातून तिथेच उतरलं.

मग तो बेकरीच्या मागे आला. बेकरीत भट्टी पेटलेली, गल्लीत पावाचा वास. घंटा वाजवताच दार उघडलं. रात्रपाळीचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, धिप्पाड माणूस, हातात रबरी मोजे.

‘आई आणायचीय उद्या,’ चष्मेवाला म्हणाला. ‘रात्रीचं बघावं म्हटलं.’

‘बघा की. मी एका आजोबांचा कफ ओढतोय, मशीन चालू आहे, थांबता येत नाही. वर जाऊन या. दिवा लावू नका, झोपलेत सगळे. आणि वर शेवटच्या…’

आतून आजोबांचा घसा वाजला. ब्रदर वाक्य तसंच टाकून धावला. धावला याचंच चष्मेवाल्याला बरं वाटलं.

तो वर गेला. लांबट खोली, निळा मंद दिवा. ओळीने पलंग, आणि सगळी माणसं डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. पाठीशी उशा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून खाली गुंडाळलेले टॉवेल. त्याने नाकाने बघितलं. फिनेल, पावडर, आणि खालून येणारा पावाचा वास. बाकी काही नाही. इथे माणसं वळवतात. त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो मला म्हणाला, ‘मी तिथेच रडलो असतो, पण लोक झोपले होते.’

शेवटचा पलंग एकटा होता, पलीकडच्या भिंतीला लागून, अर्धा पडदा ओढलेला. हा सहज तिथपर्यंत गेला.

त्या पलंगावरची बाई भिंतीकडे तोंड करून होती.

सगळे खिडकीकडे. ही एकटी भिंतीकडे. पांढरी बारीक वेणी, मानेपर्यंत चादर. म्हणजे हिला वळवायची राहिली, त्याला वाटलं. ब्रदर एकटा आहे, चुकतं एखादं. खाली मशीनची घरघर चालूच होती.

आणि तेवढ्यात त्या बाईच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता. नुसती हवा. त्याच्या आईच्या घशातून यायची तशी.

आता ऐका नीट. त्याने विचार केला नाही. वर्षभराची सवय. एक हात खांद्यावर गेला. एक हात खुब्यावर. आणि तोंडातून आपोआप आलं…

‘आई, वळवतो हं.’

खांदा गार होता. थंडीचे दिवस, त्याला वाटलं. वजन असं काही लागलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं कितीसं असणार. त्याने तिला भिंतीकडून आपल्याकडे घेतलं. डाव्या कुशीवर. मागे उशी लावली. चादर सारखी केली.

आणि बघितलं.

समोर पाठच होती.

वेणी. मान. पाठ.

त्याला वाटलं, झोपेमुळे. डोळ्यांचा धंदा करतो तो. डोळे चोळले. परत बघितलं. त्याने तिला वळवली होती. हातांना कळलं होतं, ती वळली होती. आता तोंड इकडे पाहिजे…

पाठ.

खालची मशीन थांबली.

तो मागे सरकायला गेला. हात निघेना. खुब्यावरचा हात. कोणी धरला नव्हता. नुसता निघेना. आणि ती वेणी… हळूहळू… उशीवरून सरकायला लागली. डोकं वळत होतं. बाकी अंग तसंच. डोकं तेवढं…

…

काय विचारतेस? नाही. पुढे त्याने काय बघितलं ते मला त्याने कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या जागेवर आला की तो कापडाने काच पुसत बसतो.

पाणी दे ते इकडे.

तर ब्रदर टॉर्च घेऊन वर आला. चष्मेवाला पलंगापाशी वाकून उभा. पलंगावर कोणी नाही. रबरी कापड घातलेली रिकामी गादी, आणि एक उशी.

‘कोणाशी बोलत होतात?’ ब्रदरने विचारलं.

‘इथे… बाई होत्या. वळवायच्या राहिल्या होत्या.’

‘हात लावलात?’

‘वळवलं मी त्यांना.’

ब्रदरने टॉर्च खाली केला. मग म्हणाला, ‘काय बोललात तिच्याशी?’

‘सवयीने… आई म्हणालो.’

तो धिप्पाड माणूस त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत घेऊन आला, दोघं पायरीवर बसले. मग त्याने सांगितलं. ही जागा आधी दुसऱ्याच कोणाची होती. तेव्हा या पलंगावर एक बाई होती. बोलता येत नव्हतं. एक मुलगा होता, तो ठेवून गेला तो परत फिरकला नाही. रात्रपाळीची बाई झोपायची. भिंतीकडे तोंड करून पडली की पडली. असे किती दिवस गेले कोणाला माहीत. गेली तेव्हाही तशीच होती.

‘आम्ही आलो तेव्हापासून दर फेरीला हिचीही उशी फिरवतो,’ ब्रदर म्हणाला. ‘एकदा इकडे, एकदा तिकडे. नुसती उशी. हात लावत नाही, बोलत तर नाहीच. हेच सांगत होतो तुम्हाला खाली.’

‘नाही फिरवली तर?’

‘एकदा एका नव्या मुलीने कंटाळा केला होता.’

‘मग?’

ब्रदरने मोजे काढले आणि घडी करत बसला. मग म्हणाला, ‘साहेब, तुमच्या आईला दुसरीकडे न्या. मनापासून सांगतो. त्या पलंगावरच्या बाईला इतकी वर्षं कोणी आई म्हणालं नव्हतं.’

भीती म्हणजे काय असते ते तेव्हा कळलं, असं चष्मेवाला मला म्हणाला. आधी जी वाटायची तिला भीती म्हणायची लाज वाटते. पण त्याला तो काचेतला तांबडा दिवाही दिसत होता. सकाळ जवळ येत होती. त्याने आपला तोच प्रश्न विचारला.

‘इथे कोणाच्या पाठीला जखम झालीय?’

‘एकाच्याही नाही,’ ब्रदर म्हणाला. ‘इथे फेरी चुकवायची कोणाची छाती आहे?’

चष्मेवाला उठला. कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, ‘मग सकाळी आणतो.’

आता तुम्ही म्हणाल, वेडा की काय. मीही म्हणालो असतो. उजाडताना त्याचा मला फोन आला, गाडी इस्पितळात आण आणि तिथून बेकरीच्या मागे घे. ताईही गाडीत होती. पोपडे निघालेला जिना बघून तिने भावाकडे असं बघितलं की मी आपलं स्ट्रेचरचं चाक तपासत बसलो. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. सांगून काय सांगणार? मलाही त्याने पुढे महिन्याभराने सांगितलं, दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून.

आई तिथे सात महिने होती. तो रोज दुकान बंद झालं की जायचा. तिच्याजवळ बसायचा, दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा. ती डोळ्यांनी हसायची. आणि निघताना तो शेवटच्या पलंगापाशी जायचा. उशी उचलायची, दुसऱ्या बाजूला ठेवायची. हात लावायचा नाही. बोलायचं नाही. मागे बघायचं नाही. एकदा मला म्हणाला, ‘उशी कधी कधी कोमट असते रे.’ मी विषय बदलला.

हळूहळू ताईचाही राग निवळला. एक दिवस तिने स्वतः आईला वळवताना पाठ बघितली, आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली, ‘तुझंच बरोबर होतं.’ मुख्याध्यापिकेच्या तोंडून हे ऐकायला त्याला पन्नास वर्षं लागली.

जूनमध्ये आई गेली. झोपेतच, काही त्रास नाही. मीच गाडी घेऊन गेलो होतो. शेवटचं कपडे बदलायला तिला कुशीवर केलं तेव्हा चष्मेवाल्याने मला हाताने बोलावलं आणि पाठ दाखवली. एक ओरखडा नव्हता. तान्ह्या बाळाची असते तशी पाठ. त्या पाठीवर हात ठेवून तो ढसाढसा रडला. मलाही राहवलं नाही. दीड वर्ष अंथरुणाला खिळलेलं माणूस असं जातं हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. त्याने आईसाठी जे मागितलं होतं ते त्याला मिळालं, मला एवढंच वाटलं तेव्हा.

त्यानंतर तो तिकडे गेला नाही. जाणार कशाला? आईच नाही तर तिथे काय काम?

पावसाळा संपता संपता माझा नंबर वाढला म्हणून मी दुकानात गेलो. तो गल्ल्यामागे उभा. उजव्या पायावर सगळा भार. बसायला सांगितलं तर बसेना. बराच वाळला होता. मी म्हटलं, झोप लागते ना? म्हणाला, ‘झोप काय, पडल्या पडल्या लागते. सकाळीच डोळे उघडतात.’ त्याची बायको मागे फ्रेमा लावत होती. ती म्हणाली, ‘आधी दर दोन तासांनी उठायचे. आता ओंडक्यासारखे पडतात. रात्रभर कूस म्हणून बदलत नाहीत. मी हलवलं तरी हलत नाहीत.’

त्याने हातातला चष्मा खाली ठेवला. मला डोळे तपासायच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं. तिथे अंधार असतो, फक्त समोरची अक्षरं उजळलेली. तो पाठमोरा झाला, शर्ट वर केला आणि पट्टी सोडली.

डाव्या खुब्यावर… जखम होती. कडा काळ्या. मध्ये खोल. वासावरूनच मी ओळखली. असल्या जखमांची माणसं मी जन्मभर गाडीतून नेलीत. चालत्या माणसाला ती होत नाही. पडल्याने होत नाही, कापल्याने होत नाही.

‘दवाखान्यात दाखवलीस?’ मी विचारलं.

‘दाखवली.’

‘काय म्हणाले?’

त्याने शर्ट खाली घेतला. म्हणाला, ‘पट्टी करणारी नर्स विचारत होती, किती महिने एकाच कुशीवर पडून होतात, घरात वळवायला कोणी नव्हतं का? मी म्हटलं, बाई… मी रोज सकाळी नऊला दुकान उघडतो.’